शाळा भरते तेव्हा : महासाथीच्या काळातील शाळांविषयीचा वाद आणि त्याची भाषा

प्रास्ताविक

यापूर्वीच्या घटकात आपण वैचारिक लेखनाची लक्षणे पाहिली. मत कशाला म्हणावे, मताला आधार देणारे कारण कशाला म्हणावे आणि नुसत्या ठासून सांगण्याने मत सिद्ध का होत नाही, याची चर्चा तेथे केली आहे. प्रस्तुत घटकात तीच दृष्टी ठेवून आपण प्रत्यक्ष घडलेल्या एका सार्वजनिक वादाचा अभ्यास करणार आहोत. कोविडच्या महासाथीत, मार्च २०२० ते जानेवारी २०२२ या काळात, महाराष्ट्रातील शाळा उघड्या ठेवाव्यात की बंद ठेवाव्यात, हा तो वाद.

हा विषय निवडण्याचे कारण सरळ आहे. या वादात आपल्यापैकी प्रत्येक जण कोठे ना कोठे उभा होता. जाफराबाद येथील अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्क सत्राला जे विद्यार्थी येतात, त्यांत अंगणवाडी सेविका आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत, किराणा दुकान चालवणारे आहेत, दोन-तीन मुलांच्या माता आहेत. एका सत्रात मी याच विषयावर वर्गात चर्चा घेतली. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, माझं लेकरू कागदावर दुसरीत गेलं, पण शाळेत कुठं बसायचं हेच त्याला ठावं नव्हतं." तिच्या मागच्या बाकावरून दुसरी म्हणाली, "आमच्या घरातून दुसऱ्या लाटेत सासरे गेले. त्या टायमाला शाळा उघडी असती, तर सासूबाईबी गेल्या असत्या." त्यानंतर वर्गात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही, कारण त्या क्षणी बोलण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते.

या दोन वाक्यांपैकी कोणतेही खोटे नाही. दोन्ही अनुभवाची आहेत. वादविवादाच्या अभ्यासात हीच अडचण वारंवार येते : दोन खरी विधाने एकमेकांसमोर उभी राहतात आणि त्यांतून निर्णय मात्र एकच घ्यावा लागतो. तो निर्णय कसा घेतला गेला, कोणत्या शब्दांत घेतला गेला आणि त्यात कोणाचे म्हणणे ऐकू आले नाही, हे आपण क्रमाने पाहू.

‘भरणे’ या क्रियापदाविषयी

प्रथम भाषेपासून सुरुवात करू. मराठीत शाळा ‘भरते’ आणि ‘सुटते’. बाजार भरतो, जत्रा भरते, सभा भरते, दरबार भरतो. तशीच शाळा भरते. या सर्व प्रयोगांत ‘भरणे’ या अकर्मक क्रियापदाचा अर्थ माणसे एकत्र येणे असा आहे. दुकान उघडते, बँक उघडते, पण ती या अर्थाने भरत नाही. माणसे जमली नाहीत तर जत्रा भरलीच नाही असे आपण म्हणतो, मग पाळणे आणि दुकाने येऊन उभी राहिली असली तरी. शाळेचेही तसेच आहे. इमारत, फळा आणि शिक्षक हजर असूनही मुले आली नाहीत तर शाळा भरत नाही.

याउलट त्या काळातील शासकीय पत्रव्यवहारात आणि बातम्यांत ‘शाळा सुरू करणे’ व ‘शाळा बंद ठेवणे’ हे प्रयोग रूढ झाले. ही क्रियापदे कारखान्याला, दुकानाला किंवा पाण्याच्या नळालाही लागू पडतात. फरक लहान वाटेल, पण त्याचा परिणाम लहान नाही. शाळा ही ‘सुरू’ किंवा ‘बंद’ करण्याची सेवा आहे असे एकदा मानले की ती दुसऱ्या मार्गानेही ‘सुरू’ ठेवता येते, मोबाईलवरून किंवा दूरचित्रवाणीवरून, असे म्हणणे सोपे जाते. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या आशयाच्या घोषणा तेव्हा सर्वत्र दिसत. ‘शाळा भरली नाही, पण शिक्षण भरले’ असे मात्र मराठीत म्हणताच येत नाही. भाषेने येथे एक गोष्ट आपल्याआधी ओळखून ठेवली होती, असे मला वाटते.

जाता जाता आणखी एक प्रयोग लक्षात घ्यावा : ‘शाळा बुडणे’. एरवी मूल शाळा बुडवते आणि त्याबद्दल मार खाते. २०२० मध्ये मात्र मुलांनी काहीही न करता शाळा बुडाली.

घटनाक्रम

आता घटना पाहू. वाद समजून घ्यायचा तर तारखा टाळता येत नाहीत.

मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात पहिले रुग्ण आढळले. राज्य शासनाने १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला आणि महिन्याच्या मध्यापासून शाळा बंद होऊ लागल्या. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी आली. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या.

२०२०-२१ हे शैक्षणिक वर्ष शाळा न भरताच सुरू झाले. अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला. ‘दीक्षा’ हे ॲप, व्हॉट्सॲपवर येणारी अभ्यासमाला आणि जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ ही मालिका, असे पर्याय पुढे आले. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास परवानगी मिळाली. अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला होता. शिक्षकांची चाचणी, पालकांची लेखी संमती, एका बाकावर एक विद्यार्थी अशा अटी होत्या. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग आले. पहिली ते चौथीचे वर्ग त्या संपूर्ण वर्षात एकदाही भरले नाहीत. फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्यात रुग्ण पुन्हा वाढू लागले आणि एप्रिल-मे २०२१ मध्ये दुसरी लाट शिखरावर पोहोचली. त्या दोन महिन्यांबद्दल येथे अधिक लिहिण्याची गरज नाही; प्रत्येक गावाला ते आठवतात. दहावी-बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या आणि अंतर्गत मूल्यमापनावर दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला.

१५ जुलै २०२१ पासून ‘कोविडमुक्त’ गावांत, म्हणजे मागील महिनाभरात एकही रुग्ण न आढळलेल्या गावांत, आठवी ते बारावीचे वर्ग भरवण्यास परवानगी मिळाली. निर्णय सरपंचांच्या अध्यक्षतेखालील समितीने घ्यायचा होता. या समितीत तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, वैद्यकीय अधिकारी अशी मंडळी होती. माझ्या मते संपूर्ण काळातील हा सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, कारण त्यात प्रथमच गाव हे एकक मानले गेले. मुंबईतील रुग्णसंख्या पाहून जाफराबाद तालुक्यातील एखाद्या वाडीवरची शाळा बंद ठेवण्याला तोपर्यंत कोणी प्रश्न विचारला नव्हता. उणीव एवढीच की या वर्गांत आठवीच्या खालचे मूल नव्हते.

ऑगस्टमध्ये शालेय शिक्षण विभागाने १७ तारखेपासून आणखी वर्ग उघडण्याचे जाहीर केले. शासनाला सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या कृतिदलाने हरकत घेतली आणि काही दिवसांतच तो निर्णय स्थगित झाला. त्या काळात वर्षा गायकवाड शालेय शिक्षणमंत्री होत्या आणि आरोग्य खाते आपल्याच जालना जिल्ह्यातील राजेश टोपे यांच्याकडे होते. अखेर ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग भरले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीला १ डिसेंबर २०२१ चा दिवस उजाडावा लागला. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या. या वेळी पालक, शिक्षक आणि संस्थाचालक उघडपणे विरोधात गेले आणि २४ जानेवारीपासून, स्थानिक प्रशासनाच्या निर्णयानुसार, शाळा पुन्हा भरू लागल्या.

दोन बाजू

शाळा बंद ठेवावी असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे आज सोयीने विसरले जाते, म्हणून ते आधी नीट मांडले पाहिजे. मार्च २०२० मध्ये या विषाणूविषयी फारच थोडे ठाऊक होते. मुलांना सौम्य आजार होतो हे पुढे स्पष्ट झाले, पण मूल घरी एकटे राहत नाही. आपल्याकडे आजी-आजोबा, काका-काकू एका छपराखाली राहतात. मूल वर्गातून आजार घेऊन आले तर त्याची किंमत घरातील वृद्ध मोजणार, ही भीती निराधार नव्हती. तालुक्याच्या ठिकाणी खाटा किती, प्राणवायू किती, हे सर्वांना माहीत होते. शिक्षकांचे वयही लक्षात घ्यावे लागते. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर सर्वेक्षण करीत फिरणाऱ्यांत शिक्षकही होते. तिसरी लाट मुलांना गाठेल, अशी शंका २०२१ च्या उन्हाळ्यात गांभीर्याने व्यक्त होत होती. राज्याने मे २०२१ मध्ये बालरोगतज्ज्ञांचे स्वतंत्र कृतिदल नेमले, ते यामुळेच. मागच्या बाकावरील आमच्या विद्यार्थिनीचे वाक्य याच बाजूचे आहे, आणि ते कोणत्याही आकडेवारीपेक्षा हलके नाही.

शाळा उघडावी असे म्हणणाऱ्यांची कारणे वेगळ्या जातीची होती. ज्यां द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमध्ये सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले अवघी ८ टक्के होती. ३७ टक्के मुले अजिबात अभ्यास करीत नव्हती. जवळपास निम्म्या मुलांना काही मोजक्या शब्दांपलीकडे वाचता येत नव्हते. यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. घरात एक मोबाईल, तो बापाच्या खिशात, बाप शेतात. भाऊ-बहीण दोघांचे तास एकाच वेळी. आणि रिचार्ज संपले तर शाळाही संपली.

शाळेच्या भिंतींआड अभ्यासाशिवाय इतर अनेक गोष्टी घडतात, हेही या बाजूने निदर्शनास आणले. दुपारच्या गरम जेवणाऐवजी घरी तांदूळ-डाळ दिली गेली. ती सर्वांच्या ताटात गेली, मुलाच्याच पोटात गेली असे नाही. आपल्या भागातून ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचा विचार करा. उचल घेतलेले जोडपे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघते. गावात शाळा भरत असेल तर मुलाला आजीपाशी ठेवण्याला काही कारण असते. शाळाच नसेल तर त्याला मागे ठेवायचे कशासाठी? बिऱ्हाडाबरोबर तेही निघते. मुलींच्या बाबतीत याहून कठीण होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते, आणि मराठवाड्यातील चित्र राज्याच्या सरासरीहून वाईट आहे. नववी-दहावीतील मुलीच्या लग्नाच्या आड येणारी एक भक्कम गोष्ट म्हणजे ती शाळेत जाते, ही. ती गोष्टच निघून गेली आणि टाळेबंदीत पन्नास माणसांत लग्न उरकते, हा हिशेबही त्यात मिळाला.

कायद्याच्या भाषेत सांगायचे तर येथे राज्यघटनेची दोन शेजारची कलमे आमनेसामने आली : कलम २१, जीविताचा अधिकार, आणि २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने त्याच्याच कुशीत आलेले कलम २१-अ, सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचा शिक्षणाचा अधिकार.

सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची?

या वादाचे खरे मर्म मात्र दोन्ही बाजूंच्या कारणांची बेरीज-वजाबाकी करून हाती लागत नाही. कोणत्याही वादात एक न बोललेला प्रश्न असतो : काहीच सिद्ध झाले नाही तर काय करायचे? मार्च २०२० मध्ये ‘काही माहीत नाही, म्हणून बंद’ हे तर्कशुद्ध होते. शाळा सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उघडा म्हणणाऱ्यांवर होती. पण माहिती वाढत गेली तरी ही जबाबदारी जागची हलली नाही. जुलै २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चौथ्या राष्ट्रीय रक्तपाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे शाळा बंद असूनही निम्म्याहून अधिक मुलांना विषाणूची बाधा होऊन गेली होती. परिषदेचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी त्याच वेळी, शाळा उघडायच्या तर प्राथमिक शाळा आधी उघडणे योग्य ठरेल, असे मत मांडले. त्यानंतर तरी ‘बंद ठेवण्याने नेमका काय लाभ होतो’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूकडे जायला हवी होती.

ती का गेली नाही? एक कारण असे की दोन हानींपैकी एकच मोजली जात होती. रुग्णांचा आणि मृतांचा आकडा रोज सायंकाळी येत असे. आज किती मुले वाचन विसरली, किती मुली शाळेतून सुटल्या, याचे दैनिक पत्रक निघत नसे. जी हानी मोजली जात नाही ती चर्चेत येत नाही. दुसरे कारण उत्तरदायित्वाचे. उघड्या शाळेत एक मूल दगावले तर मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, मंत्री या सर्वांना जाब विचारला जाईल. बंद शाळेमुळे हजार मुले निरक्षर राहिली तर कोणालाच विचारले जाणार नाही. अधिकारी वाईट असतात म्हणून असे होत नाही. त्या खुर्चीवर तुम्ही-मी असतो तरी बहुधा हेच केले असते. बंद ठेवणे हाही एक निर्णय असतो, हे मात्र त्यामुळे दृष्टिआड झाले.

शाळा उघडण्याच्या क्रमात हे फार ठळकपणे दिसते. आपल्याकडे आधी नववी ते बारावी, मग पाचवी ते आठवी आणि सर्वांत शेवटी पहिली ते चौथी. मोठी मुले नियम पाळतात आणि त्यांना बोर्डाची परीक्षा असते, ही त्यामागील कारणे. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी शाळा उघडल्या तेव्हा क्रम नेमका उलटा होता : बालवर्ग आणि खालचे वर्ग आधी. लहान मुलांना धोका कमी आणि शाळेची गरज अधिक, हा त्यांचा विचार. स्वीडनने तर सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा २०२० च्या वसंतातही बंद केल्या नाहीत. या देशांची घरे, दवाखाने आणि वर्गातील पटसंख्या आपल्यासारखी नाही, त्यामुळे त्यांची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. क्रमाचा तर्क मात्र देशागणिक बदलत नाही.

इतिहासातही हा प्रश्न नवा नव्हे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, पण न्यूयॉर्क आणि शिकागो या शहरांनी त्या चालू ठेवल्या. दाटीवाटीच्या चाळींतील मुले घरी राहण्यापेक्षा शाळेत, डॉक्टर व परिचारिकांच्या नजरेखाली, अधिक सुरक्षित राहतील असे तेथील आरोग्य अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. आपल्याकडील १८९७ चा साथरोग कायदा ४ फेब्रुवारीला झाला, तो प्लेगसाठी. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. मुलींची शाळा चालवणाऱ्या बाईंनी साथीत काय केले, हे त्या कायद्याच्या शेजारी ठेवून पाहावे.

शब्दांची निवड

भाषेच्या विद्यार्थ्यांनी आता काही शब्दांकडे वळावे. ‘सामाजिक अंतर’ हा शब्द घ्या. इंग्रजीतून तो जसाच्या तसा उतरवला गेला. ज्या समाजात माणसाच्या सावलीपासून अंतर राखण्याचा इतिहास आहे, तेथे या शब्दाला जो दर्प येतो तो इंग्रजीत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच मार्च २०२० मध्ये ‘शारीरिक अंतर’ म्हणणे पसंत केले. मराठीतही पुढे ‘सुरक्षित अंतर’ असा शब्द आला, पण तोवर पहिला शब्द भिंतींवर रंगवून झाला होता. अनुवाद करताना शब्दाच्या अर्थाइतकाच त्याचा इतिहास पाहावा लागतो, हे यावरून लक्षात येईल.

‘संमतीपत्र’ हा दुसरा शब्द. संमती म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य असताना दिलेला होकार. आरोग्याचा धोका किती हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, त्या बापाने अंगठा उठवला तर त्याला संमती म्हणावे का? कागद सुरक्षिततेचा पुरावा देत नव्हता. निर्णयाचे ओझे कार्यालयातून घरी पोहोचवत होता.

तिसरी गोष्ट शब्दाची नसून रचनेची आहे. ‘शाळा बंद ठेवण्यात येत आहेत’, या धाटणीची वाक्ये आपण परिपत्रकांत वाचली. ‘-ण्यात येणे’ या कर्मणी रचनेत कर्ता सांगण्याची गरज उरत नाही. कोणी ठेवल्या? वाक्यात उत्तर नाही. शासकीय मराठीची ही सवय जुनी आहे आणि एरवी ती निरुपद्रवी असते. पण जेथे ‘कोणी आणि का’ हाच वादाचा विषय आहे, तेथे कर्ता नाहीसा करणारी रचना वादालाच जागा ठेवत नाही. हेच वाक्य ‘आम्ही शाळा बंद ठेवत आहोत, कारण...’ असे लिहून पाहा. ‘कारण’ या शब्दानंतर लिहिणाऱ्याला थांबून विचार करावा लागेल.

पहिलीचे मूल

‘लर्निंग लॉस’ या शब्दासाठी मराठीत अध्ययनहानी, अध्ययनक्षती असे प्रतिशब्द आले. जुलै २०२१ पासून दुसरी ते दहावीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रमही राबवण्यात आला. सेतू दोन काठांमध्ये बांधतात. ज्याला पहिला काठच मिळाला नाही त्याचे काय? हानी त्याची होते ज्याच्यापाशी आधी काही होते. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाचा हिशेब मांडा. पहिली पूर्ण झाली, शाळा पाहिली नाही. दुसरीत गेले. १ डिसेंबर २०२१ रोजी प्रथमच वर्गात बसले. पुढील महिन्यात वर्ग पुन्हा बंद झाला, मग पुन्हा उघडला. जून २०२२ मध्ये ते तिसरीत होते. त्याने काहीही ‘गमावले’ नव्हते. त्याला ते मिळालेच नव्हते.

भाषावैज्ञानिक दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. बोलणे मूल घरी शिकते. त्यासाठी शाळा लागत नाही. लेखन-वाचन ही मात्र शिकवावी लागणारी गोष्ट आहे. देवनागरीत ‘कि’ वाचताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी उच्चारला जातो. जोडाक्षरात अर्धे अक्षर कधी उभे, कधी आडवे, कधी ‘क्ष’-‘ज्ञ’सारखे ओळखू न येणारे. या गोष्टी कोणीतरी शेजारी बसून, मुलाचे बोट धरून, चुकीचे वाचन ऐकून दुरुस्त कराव्या लागतात. दूरचित्रवाणी बोलू शकते, ऐकू शकत नाही. पालघर जिल्ह्यातील दांडवळ येथे ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले. या प्रयत्नांमागील कळकळ मोठी होती. पण मुलाने ‘धर्म’ हा शब्द ‘धमर’ असा वाचला, हे भिंतीला कळत नाही.

त्यात बोलीचा प्रश्न मिसळतो. जाफराबाद हे मराठवाड्याच्या टोकाला, बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारी. येथील मूल घरी ‘पानी’, ‘व्हतं’, ‘म्या’ म्हणते. पुस्तकात ‘पाणी’, ‘होते’, ‘मी’ असते. घरची बोली चुकीची नाही. प्रमाण भाषा ही त्या मुलासाठी काहीशी वेगळी भाषा आहे, इतकेच. या दोहोंमध्ये ये-जा करायला शिकवतो तो शिक्षक, जो स्वतः तासाला एक भाषा बोलतो आणि मधल्या सुटीत दुसरी. शहरातील सुशिक्षित घरात हे काम आई-वडील करू शकले. ज्या घरात आई-वडील स्वतःच निरक्षर होते, तेथे ते कोण करणार होते?

२०२२ च्या शेवटी ‘असर’ची देशव्यापी ग्रामीण पाहणी झाली. तेव्हा तिसरीत असलेली मुले म्हणजे नेमकी हीच, २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली. दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्के उरली. या आकड्यांकडे प्रामाणिकपणे पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. महासाथीने घसरण झाली, हे एक. आणि महासाथीपूर्वी, शाळा रोज भरत असतानाही, चारांपैकी जवळजवळ तीन मुलांना तो उतारा वाचता येत नव्हता, हे दुसरे. शाळा उघडा म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा दुसरा भाग लपवू नये.

माझे मत विचाराल तर, २०२० च्या पहिल्या महिन्यांत आणि एप्रिल-मे २०२१ मध्ये शाळा बंद ठेवणे समर्थनीय होते. जुलै ते नोव्हेंबर २०२१ या काळात रुग्ण नसलेल्या गावांतील पहिली ते चौथीचे वर्ग बंद ठेवणे मला समर्थनीय वाटत नाही. हे मत आहे, आणि ते मत म्हणूनच वाचावे. वर दिलेली कारणे अपुरी वाटल्यास तसे उत्तरात लिहावे, गुण कमी होणार नाहीत.

स्वाध्याय

आपल्या गावातील किंवा नात्यातील अशा एका व्यक्तीशी बोला, जिच्या घरी २०२० मध्ये पहिली ते चौथीत शिकणारे मूल होते. आणि शक्य असल्यास अशा दुसऱ्या व्यक्तीशी, जी त्या वेळी शाळा बंद ठेवावी या मताची होती. दोघांनी दिलेली कारणे व दोघांची मते वेगळी करून सुमारे ३०० शब्दांत मांडा. शाळेविषयी बोलताना त्यांनी ‘भरणे’, ‘सुरू होणे’, ‘उघडणे’, ‘बुडणे’ यांपैकी कोणती क्रियापदे वापरली, याची नोंद करा. त्या काळातील शाळेची एखादी सूचना घरी जपून ठेवलेली असेल, तर तिच्यातील कर्ता नसलेली वाक्ये शोधून ती कर्त्यासह पुन्हा लिहा. ज्यांच्याशी बोलाल त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत उतरवा. ते प्रमाण भाषेत आणू नका.